वय काय मोजताय, धूर मोजा!



माझी मारुती ८०० आहे, २००५ सालची. २०२० मध्ये पंधरा वर्षं झाली तेव्हा पुनर्नोंदणीची फी होती ६०० रुपये. एप्रिल २०२२ पासून ती ५,००० झाली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या कारला थेट १०,०००. माझ्या गाडीची वीस वर्षं त्यानंतर भरली, म्हणजे मी नेमका सापडलो. पर्यावरण कर वेगळा, नवीन नंबर प्लेट वेगळी. गाडी पाच वर्षांनी म्हातारी झाली, फी सोळापट झाली!

"मग दे ना भंगारात." हे मला सगळेच सांगतात. देतो की! पण भंगाराच्या पैशात नव्या गाडीचं डाउन पेमेंटही होत नाही आणि कराची सवलत मिळते ती नवीन गाडी घेतली तरच. आधीच घराचा हप्ता चालू असताना दुसरा कुठून भरायचा?

"लोकल आहे की!" आहे, नाकारत नाही. कामाला मीही लोकलनेच जातो. पण मध्यरात्री वडिलांच्या छातीत दुखायला लागलं तर शेलू स्टेशनवर उभं राहून चालत नाही, बदलापूर गाठावं लागतं. मुंबईत परवडत नाही म्हणून माणसं इथे आली. गिरणी कामगारांना घर द्यायची वेळ आली तेव्हा सरकारनेही शेलू-वांगणीकडेच बोट दाखवलं. माणसं इथे पाठवायची आणि त्यांनी जपून ठेवलेल्या गाडीला गुन्हेगार ठरवायचं, हा कुठला न्याय?

आता खरं तेही बोलतो. माझी गाडी किलोमीटरमागे नवीन बीएस-६ गाडीपेक्षा जास्त प्रदूषण करते. मान्य. पण ती वर्षाला जेमतेम तीन हजार किलोमीटर फिरते. वेळेवर ऑइल, प्लग, एअर फिल्टर बदलतो. पावसाळ्याआधी खालून पत्र्याला कोटिंग मारून घेतो, नाहीतर आपल्याकडच्या पावसात पत्रा कुजायला किती वेळ लागतो? आणि भकाभका काळा धूर सोडत कर्जत-कल्याण रस्त्यावर पुढे जाणाऱ्या गाडीकडेही पीयूसी असतंच. कसं असतं? गाडी न बघता पीयूसी मिळतं हे तुम्हालाही ठाऊक आहे, मलाही. चोर तिथे आहे.

त्यात २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. जुन्या गाड्यांचे काही रबरी भाग आणि गॅस्केट लवकर बदलावे लागू शकतात, हे केंद्राच्या पेट्रोलियम मंत्रालयानेच सांगितलंय. पंपावर दुसरा पर्याय मात्र ठेवला नाही. खर्च कोणाचा? आपला.

हे आज का लिहितोय? जानेवारी २०२५ मध्ये राज्य सरकारने मुंबई महानगर प्रदेशात पेट्रोल-डिझेल गाड्यांवर बंदी घालता येईल का, हे बघायला समिती नेमली. या महानगर प्रदेशात आपलं कर्जतही येतं बरं का! दिल्लीत १ जुलै २०२५ पासून वय झालेल्या गाड्यांना पेट्रोल-डिझेल द्यायचं बंद केलं होतं. लोक खवळले आणि काही दिवसांतच ते थांबवावं लागलं. आपण मात्र निर्णय डोक्यावर आदळल्यावरच जागे होणार का?

मागणी साधी आहे. फी गाडीच्या वयावर नको, तपासणीच्या निकालावर लावा. पीयूसी गाडी उभी करून, नळी घालून, प्रामाणिकपणे करा. त्यात माझी गाडी नापास झाली तर मी स्वतः भंगारात नेऊन देईन, शब्द देतो. पण पास झाली तर फक्त ती म्हातारी आहे म्हणून माझा खिसा कापू नका.

पटलं तर पुढे पाठवा. नाही पटलं तर खाली भांडा, पण पोस्ट पूर्ण वाचून भांडा.