समुद्रतळाच्या गाळाचा हिशेब

२६ जानेवारी १९८१ रोजी ‘गवेषणी’ या संशोधन-जहाजाने अरबी समुद्राच्या तळावरून मँगनीजचा पहिला गोटा वर आणला. पुढे १९८७ मध्ये मध्य हिंदी महासागरात दीड लाख चौरस किलोमीटरचे क्षेत्र भारताच्या वाट्याला आले. त्यातील निम्मे, म्हणजे ७५ हजार चौरस किलोमीटर, भारताने अखेर राखून ठेवले. तेथे ३८ कोटी टन गोटे असून त्यांत ४७ लाख टन निकेल, सुमारे ४३ लाख टन तांबे व साडेपाच लाख टन कोबाल्ट असल्याचा अंदाज आहे. निकेल व कोबाल्ट यांसाठी परदेशांकडे पाहावे लागणाऱ्या देशाला या आकड्यांची भुरळ पडावी हे स्वाभाविकच होय. मात्र या हिशेबात गोटे आहेत, ते ज्या गाळावर पडले आहेत तो गाळ नाही.

गोटा हा कोठून तरी घरंगळत आलेला दगड नव्हे. त्याचा काही भाग समुद्राच्या पाण्यातून थेट साचतो, तो दहा लाख वर्षांत अवघे काही मिलिमीटर. उरलेला गाळातून येतो. गाळाच्या कणाकणांतील फटींत अडकलेल्या पाण्याला शास्त्रज्ञ छिद्रजल म्हणतात. तळाच्या वरच्या थरात तर घन कणांपेक्षा हे पाणीच अधिक असते. वरून मृत सूक्ष्मजीवांचे अवशेष पडत राहतात आणि गाळातील जीवाणू ते कुजवितात. त्यासाठी त्यांना प्रथम प्राणवायू लागतो, तो संपला की नायट्रेट, आणि तेही सरले की ते मँगनीजच्या ऑक्साइडवर हात घालतात. तेव्हा मँगनीज छिद्रजलात विरघळते व त्याच्यासोबत निकेल आणि तांबेही मोकळे होतात. हे पाणी जवळजवळ स्थिर असते; पण त्यातील विरघळलेले धातू जिकडे त्यांचे प्रमाण कमी, तिकडे, म्हणजे वर, हळूहळू सरकतात. वर प्राणवायू भेटताच ते पुन्हा घनरूप होतात आणि गोट्याच्या खालच्या अंगास चिकटतात. मध्य हिंदी महासागरात सिलिकायुक्त गाळावरचे गोटे निकेल व तांब्याने अधिक संपन्न आहेत, ते याच व्यवहारामुळे. येथे वाढीचा वेग अधिक, तरीही दहा लाख वर्षांत काही सेंटिमीटर एवढाच.

अर्थशास्त्राच्या भाषेत गोटा हे उत्पादन आणि गाळाचा वरचा थर हा कारखाना. खाणीचे यंत्र गोटे उचलताना हा थरही काही सेंटिमीटर खरवडून नेते. कारखान्याचा घसारा न धरता काढलेल्या नफ्याला ताळेबंदात नफा म्हणत नाहीत.

या घसाऱ्याची कल्पना देणारा एक प्रयोग झालेला आहे. पेरूच्या किनाऱ्यापासून दूर, चार हजारांहून अधिक मीटर खोलीवर, जर्मन शास्त्रज्ञांनी १९८९ मध्ये समुद्रतळ नांगरला. २०१५ मध्ये ते परतले तेव्हा नांगराचे तास जसेच्या तसे दिसत होते. बाधित जागी जीवाणूंचे कार्य चौपटीपर्यंत मंदावलेले आढळले, आणि ते पूर्ववत होण्यास पन्नासहून अधिक वर्षे लागतील असा निष्कर्ष निघाला. तेथे तर नुसता नांगर फिरला होता. गोटे कोणी उचलून नेले नव्हते. भारतानेही १९९७ मध्ये आपल्या क्षेत्रात असाच एक छोटा प्रयोग करून पुढील काही वर्षे पाहणी केली, ही गोष्ट आपल्या शास्त्रज्ञांना भूषणावह आहे.

१९८२ च्या सागरी कायद्याच्या कराराने राष्ट्रांच्या हद्दींपलीकडचा समुद्रतळ मानवजातीचा सामाईक वारसा ठरविला. करारात सामील नसलेल्या अमेरिकेने एप्रिल २०२५ मध्ये अध्यक्षांच्या आदेशाने आपल्या कंपन्यांना तेथे स्वतंत्र परवाने देण्याची वाट मोकळी केली. किंग्स्टन येथील आंतरराष्ट्रीय प्राधिकरणाची उत्खनन-नियमावली मात्र त्या वर्षीच्या अधिवेशनांतही पुरी झाली नाही. ‘अमेरिका पुढे गेली, आपणही घाई करावी’ हा युक्तिवाद आता आपल्याकडेही होईल. परंतु भारताचा हक्क ज्या करारावर उभा आहे, तो दुबळा होण्यात भारताचे हित नाही. खोल समुद्र मोहिमेसाठी २०२१ मध्ये ४,०७७ कोटी रुपये मंजूर झाले. गोटे वर आणणाऱ्या यंत्राइतकाच खर्च छिद्रजलाच्या दीर्घकालीन मोजणीवर व्हावा, आणि स्वामित्वशुल्क ठरविताना धातूच्या बाजारभावाबरोबर खरवडलेल्या गाळाची किंमतही लावावी, अशी मागणी भारताने किंग्स्टनच्या टेबलावर मांडली पाहिजे.