मजकूर आपल्या पेटीत



आपली कविता आज भाड्याच्या खोलीत राहते. पागडी नाही, पावती नाही, घरमालकाचं तोंड कधी पाहिलेलं नाही. कंपनीने भिंत दिली, आपण तिच्यावर लिहीत सुटलो. रात्री लिहिलेलं सकाळपर्यंत चारशे जणांनी वाचलं की छाती फुगते. पण ते लिखाण आपल्या घरात कुठेच नसतं, त्याचं काय?

जिओसिटीज २००९ साली बंद झालं. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला. गुगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये. मालकांनी नोटीस चिकटवली, मुदत दिली आणि कुलूप ठोकलं. ज्यांनी गाठोडं वेळेत बाहेर काढलं त्यांचं वाचलं. बाकीच्यांना भांडायलाही तोंड नव्हतं, कारण भिंत त्यांची नव्हतीच.

हे आपल्याला नवं नाही. १९२० साली 'मूकनायक'ची जाहिरात पैसे मोजूनही 'केसरी'ने घेतली नाही. बाबासाहेब दुसऱ्याच्या दारात विनवण्या करत बसले नाहीत, पुढे त्यांनी भारतभूषण छापखाना उभा केला. आज त्या यंत्राच्या जागी एक फुकटचा प्रोग्राम पुरतो आणि तरी आपण कंपनीच्या दारात उभे. याची चीड यायला पाहिजे.

त्या प्रोग्रामला स्टॅटिक साइट जनरेटर म्हणतात. नावाला बिचकू नका. पुष्कळशा वेबसाइटी खानावळीसारख्या चालतात. वाचक आला की सर्व्हर कोठारातून मजकूर काढतो, पान तिथल्या तिथे रांधतो आणि वाढतो. गर्दी झाली की स्वयंपाकी हातपाय गाळतो, शिवाय कोठाराच्या किल्लीवर चोर टपलेले. स्टॅटिकमध्ये सगळी पानं आपण आपल्याच मशीनवर आधी तयार करून ठेवायची. सर्व्हर नुसता डबा उचलून देतो. गोदीतला कंटेनर बघा. ठरल्या मापाचा असतो, म्हणून कुठल्याही बंदरातली क्रेन त्याला उचलते. तयार पानांचंही तसंच. एका होस्टने हाकललं तर तेच फोल्डर दुसऱ्याकडे चढवायचं. आणि फोटोंचा भार टाकला नाहीत तर पान जुन्या फोनवर, मरतुकड्या रेंजमध्येसुद्धा उघडतं.

२००८ मध्ये जेकिल आला, २०१३ मध्ये ह्यूगो. आम्ही ह्यूगो सुचवतो, कारण तो एकच फाइल आहे, त्याच्यामागे दहा भानगडी बसवाव्या लागत नाहीत. मजकूर साध्या फाइलीत, मार्कडाउनमध्ये लिहायचा. ठळक शब्दाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन चांदण्या, असल्या चारदोन खुणा शिकल्या की झालं. एक थीम घ्या, हुकूम द्या, 'पब्लिक' नावाच्या फोल्डरात अख्खी साइट तयार. नव्या फाइलीच्या माथ्यावर 'ड्राफ्ट ट्रू' असं येतं, ते 'फॉल्स' करा. नाहीतर ते पान बाहेर पडणारच नाही आणि मग तुम्ही आमच्या नावाने बोंबलाल.

कवींसाठी खास. मार्कडाउनला मोडलेली ओळ कळत नाही. तुमच्या चार ओळी तो सरळ एका परिच्छेदात कोंबतो. ओळीच्या शेवटी दोन स्पेस द्या किंवा सेटिंगमध्ये 'हार्ड रॅप्स' चालू करा. आपली ओळ कुठे तुटते हे मशीनने ठरवायचं नाही.

जागेचं म्हणाल तर गिटहब पेजेस फुकट देतं, एका साइटला १ जीबीपर्यंत. नुसत्या मजकुराला हे भरपूर झालं. पण गिटहबही २०१८ पासून मायक्रोसॉफ्टचं आहे. म्हणजे इथेही आपण भाडेकरूच, फक्त मूळ प्रत आपल्या पेटीत. त्यात सरकारचा हात वेगळा. डिसेंबर २०१४ मध्ये ३२ पत्ते बंद करायचा हुकूम निघाला, त्यात आर्काइव्ह डॉट ऑर्ग होतं आणि गिटहबचं गिस्टही. तेव्हा फोल्डरची एक प्रत पेनड्राइव्हवर आणि एक दुसऱ्या गावच्या मित्राकडे असू द्या.

डोमेन मात्र विकत घ्या. दर वर्षी पैसे भरावे लागतात, मोठा खर्च काय तो हाच. ते एकाच कार्यकर्त्याच्या मोबाइलवर ठेवलंत तर तो रुसला की पत्ताही गेला. आपल्यात रुसवे किती होतात ते सांगायला नको. पासवर्ड तिघांना ठाऊक पाहिजे.

कुणी म्हणेल, कंपनीच्या भिंतीवर गर्दी असते, आपल्या साइटवर कोण कुत्रं येणार? खरं आहे. बोंब त्या भिंतीवरच मारा, लिंक तिथेच चिकटवा. मजकूर तेवढा तिथे ठेवू नका.

जुन्या अंकांचं दुखणं मोठं आहे. डीटीपीवाल्याच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप झालेला मजकूर, तो फॉन्ट नसला की नुसता रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. युनिकोडमध्ये बदलताना रफार सरकतो, जोडाक्षरं फुटतात. छापील अंक शेजारी ठेवून शब्दन् शब्द तपासावा लागेल. रविवार मोकळा असलेल्यांनी अंक वाटून घ्यावेत. नवं लिखाण युनिकोडमध्येच पाठवा, कागदाचा फोटो नको. आणि फाइलीचं नाव रोमन अक्षरांत द्या. देवनागरी दिलंत तर लिंक पाठवताना टक्क्यांच्या खुणांची हातभर शेपटी लागते.