बर्गर, अष्ट आहारविधिविशेषायतने आणि आपण

गेल्या पावसाळ्यात अम्लपित्ताची तक्रार घेऊन पंधरा वर्षांचा एक मुलगा आईसमवेत आमच्या दवाखान्यात आला. आठवड्यातून तीनदा बर्गर खातो, असे आईने सांगताच आम्ही सवयीने ‘बाहेरचे सर्व बंद’ असे फर्माविले. ‘डॉक्टर, तुम्ही कधी खाल्लाय का?’ असे त्याने विचारले. आम्ही खाल्ला नव्हता. तो मुलगा पुन्हा आला नाही.

ही गोष्ट मनाला लागून राहिली. पुढे पुण्यास जाणे झाले, तेव्हा एका बड्या साखळीच्या उपाहारगृहात शिरून तेथील सर्वांत महागडा पनीर बर्गर आम्ही मागविला. त्याचे मूल्य आमच्या तपासणी शुल्काहून अधिक होते! चव उत्तम होती, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. जे रुग्णाला रुचते त्याला आपण बेचव ठरवू लागलो, तर आपल्या उर्वरित सल्ल्यावरही त्याचा विश्वास बसत नाही.

खाता खाता चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या पहिल्या अध्यायात सांगितलेली आठ आयतने आठवली. प्रकृती पाहावी तर मैदा आणि पनीर दोन्ही गुरू. करण म्हणजे तळणे. संयोग शीतपेयाशी. राशीचा विचार तर फारच उद्बोधक आहे. दहा वा अधिक शाखा असलेल्या उपाहारगृहांनी पदार्थाचे उष्मांक दर्शवावेत, असा नियम २०२२ पासून लागू आहे. त्यामुळे फलकावर आकडा दिसतो. परंतु तो केवळ सर्वग्रह होय. मैदा किती, स्नेह किती, लवण किती, हा परिग्रह त्या आकड्यावरून कळत नाही. काल सायंकाळचा, म्हणजे दुपारचे अन्न जिरण्यापूर्वी आणि रात्रीच्या जेवणाआधी. हे उघड अध्यशन. उपयोगसंस्थेविषयी काय लिहावे? आजूबाजूची बहुतेक मंडळी भ्रमणध्वनीकडे पाहत घाईघाईने गिळत होती. देश आणि उपयोक्ता यांचा विचार मात्र त्या व्यावसायिकांनीच केला आहे: गोमांस वगळले, बटाट्याची टिक्की स्वीकारली, आपल्या लोकांचे सात्म्य अभ्यासले. आम्ही त्या मुलाविषयी तेवढेही जाणून घेतले नव्हते.

आज तो आला तर लक्षणे शमेपर्यंत आम्ही बर्गर बंदच ठेवू. त्यानंतर मात्र सांगू, ‘महिन्यातून एखादे वेळी, दुपारी, खरी भूक लागल्यावर खा, सोबत तळलेला बटाटा व शीतपेय नको, रात्री मुगाचे कढण घे.’ पाळता येईल असे पथ्यच पाळले जाते.

आता औषधविक्रेत्या बंधूंना दोन शब्द. जड खाणे झाले की ग्राहक आपल्याकडे ‘काही पाचक द्या’ म्हणून येतो आणि आपण न विचारता लवणभास्कर चूर्णाची डबी पुढे करतो. या कल्पात सामुद्र, सौवर्चल, बिड व सैंधव अशी चार लवणे आहेत. प्रौढाने दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ घ्यावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. खारट आहारावर हे चूर्ण, आणि ग्राहकाला रक्तदाबाचा विकार! अम्लपित्ताच्या रुग्णालाही ते उष्ण-तीक्ष्ण द्रव्य विचार न करता देणे उचित नव्हे. ‘रक्तदाब आहे का? जळजळ होते का?’ हे दोन प्रश्न विचारण्यास अर्धे मिनिट पुरते. उत्तर होकारार्थी असल्यास ग्राहकास वैद्याकडे पाठवावे. एक डबी कमी खपेल, ते सोसावे.

वैद्यांनीही रुग्णपत्रिकेवर आहारासाठी आठ ओळी राखून ठेवाव्यात, अशी आमची सूचना आहे. परीक्षेसाठी पाठ केलेली आयतने चिकित्सेत वापरली नाहीत, तर दोष बर्गरचा एकट्याचा नाही. सुज्ञ वाचकांनी याचा विचार करावा.