मीटरला न दिसणारा दणका

मंडळी, गणपती गावाला गेले की आमच्या नाशकात दरवर्षी एकच वाद रंगतो: डीजे हवा की नको? पेपरात डेसिबलचे आकडे येतात, दोन्ही बाजू तावातावाने बोलतात आणि चार दिवसांत सगळं शांत. (वाद शांत हो! आवाज नवरात्रात परत येतोच.) मला यात एक गोष्ट कायम खटकते. आवाज किती मोठा यावर सगळे भांडतात, तो कसला होता हे कोणी विचारतच नाही.

मिरवणूक मेन रोडवर असते तेव्हा आतल्या गल्लीतल्या घरात गाण्याचे शब्द कळत नाहीत, पण खिडकीची काच थरथरते, मांडणीवरची भांडी किणकिणतात. ही करामत बेसची. सेकंदाला तीस-चाळीस कंपनांची ही लाट भिंतींना फारशी जुमानत नाही.

आता गंमत बघा. ध्वनिप्रदूषणाचे आपले नियम २००० सालचे. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. पण हे डेसिबल मोजायचे 'ए' मोजपट्टीवर. माणसाच्या कानाला खालचे सूर कमी ऐकू येतात, म्हणून ही मोजपट्टीही ते कमी धरते. किती कमी? ३० हर्ट्झला जवळजवळ ४० डेसिबलची सूट! म्हणजे प्रत्यक्षात १२० डेसिबलचा दणका मीटरवर ८० दिसतो.

कमी ऐकू येतं म्हणजे कानाला कमी लागतं, असं मात्र नाही. म्युनिकच्या संशोधकांनी २०१४ साली २१ जणांना ३० हर्ट्झचा, 'ए' पट्टीवर ८० डेसिबलचा आवाज फक्त दीड मिनिट ऐकवला. निरोगी कान स्वतःही अगदी मंद आवाज काढत असतो (हो, खरंच!). तो त्यांनी कानात मायक्रोफोन बसवून टिपला. बेस बंद झाल्यावरही कानाचा हा आपला सूर सुमारे दोन मिनिटं हेलकावत राहिला. यातून कायमचा बहिरेपणा सिद्ध होत नाही, हे कबूल. पण दीड मिनिटाने आतलं यंत्र हलतं, तर सहा-सात तासांचं काय? आतल्या कानात जेमतेम पंधरा हजार केसपेशी असतात, आणि मेलेली पेशी माणसात पुन्हा उगवत नाही.

कोणी म्हणेल, डीजेला नावं ठेवता, मग आपला नाशिक ढोल? त्याचा मला अभिमान आहे. पण कंबरेला बांधलेला ढोल तासन्‌तास बडवणाऱ्या पोरापोरींच्या कानाला परंपरा कळत नाही. स्पीकरच्या भिंतीजवळ बंदोबस्ताला उभ्या असलेल्या पोलिसाला तर बाजूला सरकायचीही सोय नाही.

माझं म्हणणं साधं आहे. बऱ्याच मीटरवर 'सी' मोजपट्टीही असते, ती बेसला एवढी सूट देत नाही. दोन्ही आकडे घ्या, दोन्ही छापा. त्यांतला फरक जितका मोठा, तितका बेस जास्त. आणि पथकांनी फेटा-झब्ब्याबरोबर प्रत्येकाला कानातले बोळेही द्यावेत. खर्च फेट्यापेक्षा कमीच येईल.

बाप्पाचे कान सुपाएवढे आहेत. आपले नाहीत.

तुमच्या गावात काय परिस्थिती? जरूर लिहा.