यंत्राला आकडे सांगणार कोण?

संगणकाच्या हुकमाने लोखंड कापणारी यंत्रे ही पुण्या-मुंबईची गोष्ट. हिंगोली जिल्ह्यातल्या गोरेगावच्या शाळकरी मुलांना तिचे काय? असे पुष्कळांना वाटते. माझे मत नेमके उलट आहे. या यंत्रांची मूळ विद्या नववीच्या गणितात आहे. ती खेड्यातल्या मुलांनी हाताशी धरली नाही, तर कारखान्यात त्यांच्या वाट्याला केवळ बटण दाबण्याचे काम येईल.

प्रथम हे यंत्र करते काय ते पाहू. साध्या लेथवर जॉब फिरत असतो आणि टर्नर हाताने चाक फिरवून टूल पुढेमागे सरकवतो. किती सरकवायचे हे तो चाकावरच्या खुणा वाचून आणि मायक्रोमीटरने मोजून ठरवतो. संगणक-नियंत्रित यंत्रात, म्हणजे ‘सीएनसी’मध्ये, सरकवण्याचे हे काम मोटारी करतात. टूल कोठे न्यायचे ते आकड्यांत लिहिलेले असते. ते खरोखर तेथे पोहोचले की नाही, हे मोजण्याची सोय यंत्रातच असते; फरक दिसताच मोटार तो भरून काढते.

ही कल्पना निघाली ती अडचणीतून. १९४० नंतरच्या दशकात अमेरिकेत जॉन पार्सन्स हे हेलिकॉप्टरची पाती बनवीत होते. पात्याच्या वक्र आकारावरचे बिंदू त्यांनी गणिताने काढले. मग एक कारागीर आकडे मोठ्याने वाची आणि दुसरे दोघे यंत्राचे एकेक चाक फिरवीत! हेच काम यंत्राला आपोआप करता यावे, यासाठी पुढे मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत प्रयोग झाले आणि १९५२ साली छिद्रे पाडलेल्या कागदी पट्टीवरून आज्ञा घेणारे मिलिंग यंत्र लोकांपुढे आले. मायक्रोप्रोसेसर आल्यावर, १९७० नंतर, संगणकच यंत्राच्या अंगावर बसला.

त्याच काळात दुसरीही एक वाट होती. कुशल कारागिराने एकदा काम करून दाखवायचे, त्याच्या हालचाली चुंबकीय फितीवर नोंदवायच्या आणि यंत्राने त्या पुन्हा करायच्या. ही वाट मागे पडली. आकडे लिहिण्याचे काम कारागिराच्या हातून निघून कचेरीतल्या टेबलावर गेले. माझ्या मते स्वयंचलनातला खरा प्रश्न हाच आहे: यंत्र कोण चालवतो हा नव्हे, तर त्याला काय करायचे ते कोण सांगतो.

मित्रांनो, आता आलेख-कागद घ्या. पेन्सिल आरंभबिंदूवर ठेवा आणि या तीन आज्ञा पाळा: जी०१ एक्स४० वाय०, जी०१ एक्स४० वाय३०, जी०१ एक्स० वाय०. ‘जी०१’ म्हणजे सरळ रेषेत कापत जा. एक्स आणि वाय हे तुमचेच निर्देशक, मिलिमीटरमध्ये. काटकोन त्रिकोण झाला ना? त्याची तिसरी बाजू ५० मिलिमीटर भरेल, पायथागोरसला विचारा! आता ३० च्या जागी चुकून ३०० लिहा. पेन्सिल कागदाबाहेर जाईल. कारखान्यात अशा चुकीने टूल मोडते, जॉब वाया जातो. यंत्र हुकूम पाळते. हुकूम शहाणपणाचा आहे का, हे माणसालाच पाहावे लागते.

‘यंत्रे आली की माणसे घरी बसतात,’ हा आक्षेप खोटा नाही. हाताने चाक फिरवण्याची कामे कमी झाली आहेत, आणखी होतील. म्हणूनच नुसती सवय पुरणार नाही, आकृती वाचण्याची आणि मोजण्याची विद्या हवी. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ड्रॉइंग शिकवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली माळरानावर किर्लोस्करवाडी वसवली आणि तेथे शेतकऱ्यासाठी लोखंडी नांगर घडवले. शेत आणि कारखाना यांत आपण मानतो तेवढे अंतर नाही.

शिक्षकांना एवढीच विनंती, की निर्देशक भूमिती परीक्षेपुरती उरकू नका. मुलांना जवळच्या वर्कशॉपमध्ये न्या, व्हर्निअर हातात द्या, एखादी पिन किंवा बुश मोजायला लावा आणि वर्गात आल्यावर तिची आकृती काढून घ्या. त्याला सीएनसी यंत्र लागत नाही. हाताने मोजलेले आणि कागदावर मांडलेले ज्याला कळते, तोच उद्या यंत्राला आकडे सांगेल.