बस्तरला निघालात? कॉफी विचारून प्या

रायपूरच्या सदर बाजारात लग्नाचे सोने घ्यायला आलेल्या मराठी मंडळींना हमखास एक प्रश्न पडतो: इथवर आलोच आहोत, तर बस्तर करून यावे का? अवश्य यावे. पावसाळा ओसरताना चित्रकोटला इंद्रावती जी काही कोसळते, ती मुलांना एकदा दाखवायलाच हवी. पण रायपूर ते जगदलपूर म्हणजे सुमारे तीनशे किलोमीटर. घरातल्या आजी-आजोबांसह निघायचे तर खाण्यापिण्याचा विचार आधी केलेला बरा.

सुरुवात आदल्या संध्याकाळी रायपुरातच करा. सदर बाजारातून रिक्षाने थोड्याच वेळात महंत घासीदास संग्रहालय येते. त्याच्या आवारात २०१६च्या प्रजासत्ताक दिनी ‘गढ कलेवा’ सुरू झाले. बचत गटाच्या बायकांनी चालवलेले हे छत्तीसगढी उपाहारगृह. चीला म्हणजे आपले धिरडेच. फरा तांदळाचा, वाफवलेला. अइरसा खाल्लात तर अनारशाची आठवण होईल आणि ठेठरी-खुर्मी प्रवासाच्या डब्यात चार दिवस टिकते. कॉफीसाठी शहरात इंडियन कॉफी हाऊस आहेच. कामगारांच्या सहकारी संस्थेचे हे हॉटेल असल्याने डोसा, कॉफी आणि बिल, तिन्ही बेताचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर निघून धमतरीमार्गे कांकेरला पोहोचा आणि पोटभर खाऊन घ्या. पुढे केशकालचा घाट लागतो. त्याच्या वळणांत मुलांना मळमळते, म्हणून खाणे आणि घाट यांत तासभर तरी जाऊ द्या. घाटानंतर कोंडागाव. तिथे ढोकरा कारागिरांची धातूची कामे बघताना चहा मिळेल, पण कॉफीची फार आशा ठेवू नका.

या रस्त्याने कुठेही कॉफी मागितली, की पुढे येते ती पुडीतली, भरपूर साखरेची, वर फेस आणलेली. गंमत अशी, की जगदलपूरपासून तासाभराच्या अंतरावर, दरभ्याच्या डोंगरात कॉफीची झाडे उभी आहेत. महाराष्ट्रात कॉफी म्हटले की आपल्याला चिखलदरा आठवतो, पण तो अकराशे मीटरच्या आसपास. बस्तरचे पठार त्याहून बरेच खाली. तरीही २०१७पासून जगदलपूरच्या उद्यानविद्या महाविद्यालयाने दरभ्यात लागवडीचा प्रयोग केला आणि झाडांनी फळ धरले. पुढे ‘बस्तर कॉफी’ या नावाने ती विकली जाऊ लागली, जगदलपुरात ‘बस्तर कॅफे’ही निघाले.

दरभा हे नाव देशाने ऐकले ते २५ मे २०१३च्या झीरम घाटीतील हल्ल्यामुळे. त्या भागात उताराची जमीन, पावसाच्या पाण्यावर एक पीक, आणि थंडी पडली की अनेक घरांतली माणसे सीमेपलीकडे मिरची तोडायला जातात. कॉफीची फळे पिकतात तीही थंडीतच. एकेक लाल फळ पाहून हाताने तोडावे लागते. ते काम आपल्याच शिवारात मिळाले, तर बाया-माणसांना पोरे घेऊन परमुलखात जावे लागणार नाही. मात्र झाड लावल्यावर तीन-चार वर्षे थांबावे लागते. एवढा धीर धरलेल्या माणसाला गिऱ्हाईकच मिळाले नाही, तर तो झाड ठेवील कशाला? तेव्हा जगदलपुरात हॉटेलात बसलात, की ‘दरभ्याची कॉफी आहे का?’ एवढे जरूर विचारा. ‘नाही’ असेच उत्तर आले तरी दहा गिऱ्हाइकांनी विचारल्यावर हॉटेलवाला एक पाकीट आणून ठेवतोच!

जगदलपुरात नोव्हेंबर २०२५मध्ये ‘पंडुम कॅफे’ सुरू झाले आहे. शरण आलेले नक्षलवादी आणि त्यांच्या हिंसेची झळ बसलेले लोक यांनी मिळून ते चालवावे, अशी ही योजना. पंडुम म्हणजे सण. एकाच ओट्यामागे अशी माणसे उभी राहणे सोपे नाही. तिथे गेलात तर त्यांना जुन्या गोष्टी विचारत बसू नका. कॉफी प्या, पैसे द्या, चांगली वाटली तर तसे सांगा.

जेवणाचे म्हणाल, तर जगदलपूर हाच मुक्काम धरा. चित्रकोट तिथून चाळीस किलोमीटर, तीरथगढ पस्तीस. दोन्हीकडे सोबत डबा असलेला बरा. चित्रकोटच्या वाटेवर लोहंडीगुडाचा आठवडी बाजार शुक्रवारी भरतो. तिथे लाल मुंग्यांची चापडा चटणी पानावर मिळते. आंबट-तिखट असते, थोडी चाखून पाहा. मंडियाचा पेज म्हणजे आपली नाचणीची आंबीलच, उन्हात फार गुणकारी. पाऊस सुरू झाला की सालवनातला बोडा बाजारात येतो. भाव ऐकून दचकाल, पण मटणाला मागे सारील अशी भाजी होते.

येताना दळलेल्या कॉफीचे पाकीट घ्या, मात्र चहासारखी उकळू नका, कडू होते. चार कपांसाठी चार मोठे चमचे पूड पातेलीत घालावी, उकळी मोडलेले पाणी वर ओतून झाकण ठेवावे, चार मिनिटांनी स्वच्छ फडक्यातून गाळावे आणि वेगळे तापवलेले दूध घालावे. पाकीट फोडल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि पंधरा दिवसांत संपवा.