‘आधी–नंतर’चे गणित आणि मैत्रेयाची शंका

औषधनिर्मात्या कंपन्यांचे प्रतिनिधी आपल्या चिकित्सालयांत आणि औषधविक्रेत्यांच्या काउंटरवर जी माहितीपत्रके ठेवून जातात, त्यांचे स्वरूप बदलले आहे. पूर्वी त्यांत ग्रंथाधार आणि घटकद्रव्ये असत. आता खाली एक छोटा तक्ताही असतो : इतके रुग्ण, चिकित्सेपूर्वी वेदनेची सरासरी इतकी, चिकित्सेनंतर इतकी, पेअर्ड टी-टेस्ट, पी ०.००१ पेक्षा कमी. उल्हासनगरच्या कॅम्पांपासून कुळगाव-बदलापूरपर्यंत हा तक्ता वाचला जातो आणि त्याचा अर्थ ‘औषध सिद्ध झाले’ असा घेतला जातो. तेवढे त्यातून सिद्ध होत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. ही कसोटी वाईट आहे म्हणून मी हे म्हणत नाही. कसोटी उत्तम आहे. आपण तिला भलताच प्रश्न विचारतो.

तिच्या मूळ लेखातील उदाहरणच वनस्पतिज औषधांचे होते, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसेल. डब्लिनच्या गिनेस या मद्यनिर्मितीच्या कारखान्यात विल्यम गॉसेट नावाचे रसायनतज्ज्ञ नोकरीस होते. कर्मचाऱ्यांनी स्वनामे लेखन प्रसिद्ध करण्यास कारखान्याची मनाई असल्याने त्यांनी १९०८ साली ‘बायोमेट्रिका’ या नियतकालिकात ‘स्टुडंट’ या टोपणनावाने आपला लेख छापला. उदाहरणादाखल त्यांनी घेतलेले आकडे कुशनी आणि पीबल्स यांच्या १९०५ सालच्या निद्राविषयक प्रयोगातील होते. औषधे होती हायोसायमीन आणि हायोसीन, म्हणजे आपल्या पारसीक यवानीतील, खुरासानी ओव्यातील, कार्यकारी द्रव्ये. (लेखात गॉसेट यांनी या द्रव्यांची नावे चुकीची दिली. द्रव्यगुणाच्या अभ्यासकाला यात फारसे नवल वाटू नये.)

रुग्ण दहाच होते. पहिल्या औषधाने झोपेत सरासरी ०.७५ तासाची वाढ झाली, दुसऱ्याने २.३३ तासांची. हे दोन निरनिराळे गट आहेत असे समजून हिशेब केला, तर टीचे मूल्य १.८६ येते. कोष्टकातील मर्यादा २.१०१ असल्याने फरक योगायोगाचा असू शकतो, असे म्हणावे लागते. परंतु रुग्ण दोन्हीकडे तेच होते. म्हणून प्रत्येक रुग्णाचे दुसऱ्या औषधाचे तास घ्यावेत आणि त्यांतून पहिल्याचे वजा करावेत. दहा वजाबाक्या मिळतात : १.२, २.४, १.३, १.३, ०, १.०, १.८, ०.८, ४.६ आणि १.४. त्यांची सरासरी १.५८, प्रमाण विचलन १.२३. विचलनाला दहाच्या वर्गमुळाने भागले की ०.३९ ही प्रमाण त्रुटी मिळते. तिने सरासरीला भागले की टी ४.०६. आता मर्यादा २.२६२ आहे आणि फरक निःसंशय तिच्या पलीकडे जातो. आकडे तेच, रुग्ण तेच; केवळ जोडी जुळवल्याने निष्कर्ष पालटला.

असे का व्हावे? कोणी मुळात अल्पनिद्र, कोणी बहुनिद्र. माणसामाणसांतील हा भेद इतका मोठा असतो, की औषधाचा परिणाम त्यात हरवून जातो. वजाबाकी करताच तो भेद गळून पडतो, कारण प्रत्येक रुग्ण स्वतःशीच तोलला जातो. प्रकृतिभेद मानणाऱ्या वैद्याला याहून जवळची कसोटी कोणती असणार? वातप्रकृतीच्या रुग्णाची तुलना कफप्रकृतीच्या रुग्णाशी करू नये, हे आपण रोजच म्हणतो.

येथवर सारे ठीक. परंतु त्या प्रयोगातील जोडी दोन औषधांची होती. शिवाय औषधाच्या आणि बिनऔषधाच्या रात्री आलटून पालटून येत होत्या, त्यामुळे ऋतू, आहार, सेवाशुश्रूषा यांचा प्रभाव दोन्ही बाजूंना सारखाच पडत होता. आपल्या माहितीपत्रकांतील जोडी ‘आधी’ आणि ‘नंतर’ यांची असते. मध्ये दीड-दोन महिने गेलेले असतात, आणि त्या काळात रुग्णाच्या आयुष्यात जे जे घडले ते सर्व औषधाच्या खात्यावर जमा होते.

आपल्या परिसराचेच पाहा. आषाढ-श्रावणात उल्हास नदीकाठच्या वस्त्यांत भिंतींना ओल येते आणि संधिगत वाताचे रुग्ण वाढतात. ग्रीष्मात वाताचा संचय, वर्षा ऋतूत प्रकोप आणि शरदात प्रशम, हे प्रथम वर्षाचा विद्यार्थीही सांगेल. आता एखाद्याने श्रावणात तीस रुग्ण घेतले, एखादा गुग्गुळकल्प दिला आणि आश्विनात पुन्हा मोजमाप केले, तर पी उत्कृष्ट येणारच. औषध निष्प्रभ असले तरी येईल, कारण शरद ऋतू काही निष्प्रभ नसतो. उल्हासनगरात जीन्स शिवणारा कारागीर दिवाळीला गावी जातो, पंधरा दिवस मशीनपासून दूर राहतो आणि परत येतो तेव्हा त्याचा कटिशूल निम्मा झालेला असतो. त्यातच रुग्ण आपल्याकडे येतो तो बहुधा वेदना शिखरावर असताना; शिखरावरून पुढची वाट खालीच जाते. फ्रान्सिस गाल्टन यांनी एकोणिसाव्या शतकात दाखवलेले ‘सरासरीकडे परतणे’ ते हेच. पेअर्ड टी-टेस्ट एवढेच सांगते की बदल झाला आणि तो आकड्यांचा खेळ नव्हे. बदल कोणी केला, हे तिला विचारलेलेच नसते.

हा आक्षेप पाश्चात्त्य म्हणून झटकून टाकता येणार नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, महाचतुष्पाद अध्यायात, मैत्रेयाने तो आत्रेयांपुढे मांडला आहे. चतुष्पादसंपन्न चिकित्सा होऊनही काही रुग्ण दगावतात आणि चिकित्सा न होताही काही बरे होतात. मग भेषज आणि अभेषज सारखेच नव्हेत काय? आत्रेय हे नाकारत नाहीत की काही जण आपोआप बरे होतात. पडलेला माणूस स्वतः उठण्यास समर्थ असला तरी कोणी हात दिल्यास तो अधिक लवकर आणि विनाक्लेश उठतो, असा दृष्टांत ते देतात. ‘अधिक लवकर’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. कोणापेक्षा लवकर? हात न मिळालेल्यापेक्षा. म्हणजे आत्रेयांचे उत्तर तपासायचे तर दुसरा गट हवाच.

तो असला म्हणजे काय दिसते, याचे उदाहरण पुण्यातच आहे. डॉ. अरविंद चोप्रा, डॉ. भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी अश्वगंधा, शल्लकी, शुंठी आणि हरिद्रा यांच्या योगाची ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या १८२ रुग्णांवर सोळा आठवडे चाचणी घेतली. कोणाला औषध आणि कोणाला प्लासिबो, हे रुग्णालाही ठाऊक नव्हते आणि तपासणाऱ्यालाही. २००० साली ‘जर्नल ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजी’त निष्कर्ष प्रसिद्ध झाले. प्लासिबो घेणाऱ्यांनाही भरपूर उपशय मिळाला होता. औषध सर्व निकषांवर थोडे वरचढ होते, परंतु संख्याशास्त्रीय दृष्ट्या ठाम फरक सांध्यांच्या सुजेपुरताच दिसला. केवळ औषधाचाच गट घेऊन ‘आधी–नंतर’चा तक्ता मांडला असता, तर तो सर्वच निकषांवर देखणा दिसला असता. संशोधकांनी जे होते ते छापले. सुजेपुरता का होईना, जो फरक उरला तो आपण कोणापुढेही मांडू शकतो, आणि मला तो डझनभर देखण्या तक्त्यांहून मोलाचा वाटतो.

आणखी काही गोष्टी ओझरत्या सांगतो. जो रुग्ण परत आला नाही त्याची जोडीच होत नाही. सकाळची लोकल गाठून मुंबईला जाणारा अंबरनाथकर गुण आला नाही तर निमूटपणे दुसरीकडे जातो, आणि तक्त्यात गुण आलेलेच उरतात. शूल, स्तब्धता, शोथ यांना आपण शून्य ते तीन अशा श्रेणी देतो. त्या खऱ्या अर्थाने मोजमापे नव्हेत, त्यांच्यासाठी विल्कॉक्सनची १९४५ सालची क्रमाधिष्ठित कसोटी अधिक रास्त. वीस लक्षणांवर वीस कसोट्या लावल्या, तर निव्वळ योगायोगाने एखादे तरी ‘सिग्निफिकंट’ ठरण्याची शक्यता जवळजवळ ६४ टक्के असते (लक्षणे परस्परांपासून स्वतंत्र मानली तर). आणि पी लहान म्हणजे गुण मोठा, असेही नाही. शंभर मिलिमीटरच्या वेदनारेषेवर शंभर रुग्णांत सरासरी तीन मिलिमीटरची घट झाली आणि विचलन बारा असले, तर टी २.५ येतो. कसोटी उत्तीर्ण, पण त्या तीन मिलिमीटरांचा रुग्णाला पत्ताही लागणार नाही.

मग आपण काय करावे? उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर येथील दहा-बारा वैद्यांनी मिळून एक साधे काम हाती घ्यावे, असे मला सुचवावेसे वाटते. व्याधी एकच, जानुगत संधिवात. सर्व रुग्ण एकाच ऋतूत घ्यावेत. सर्वांना नेहमीचा स्नेह-स्वेद आणि पथ्य द्यावे, म्हणजे कोणीही चिकित्सेविना राहणार नाही. निम्म्यांना त्यावर अभ्यासाचा कल्प द्यावा. कोणाला द्यायचा हे वैद्याने ठरवू नये. बंद पाकिटातील चिठ्ठीने ठरावे आणि पाकीट कंपाउंडरने उघडावे. पंधरा मीटर चालण्यास लागणारा वेळ घड्याळाने मोजावा, वेदना रेघेवर मोजावी, आणि मोजणाऱ्याला गट ठाऊक नसावा. रुग्णांची संमती आणि नीतिसमितीची मान्यता आधी घ्यावी. त्यासाठी जवळच्या आयुर्वेद महाविद्यालयाची मदत घेता येईल. गुग्गुळासारख्या कल्पाचा परिणाम औषध थांबल्यावरही रेंगाळतो, त्यामुळे निद्रेच्या प्रयोगासारखी पाळीपाळीची योजना येथे चालणार नाही. दोन गटच करावे लागतील.

हिशेबात एक पथ्य पाळावे. दोन्ही गटांत स्वतंत्रपणे पेअर्ड टी-टेस्ट लावून एकाचा पी ०.०४ आणि दुसऱ्याचा ०.०६ आला म्हणून पहिला श्रेष्ठ ठरवू नये. प्रत्येक रुग्णाची वजाबाकी करावी आणि त्या वजाबाक्यांच्या दोन गटांची परस्परांशी तुलना करावी. आता पदवी अभ्यासक्रमात संशोधनपद्धती आणि वैद्यकीय संख्याशास्त्र हा विषय आहे. आपल्याकडे उमेदवारी करणाऱ्या तरुण वैद्यांना हे काम आपल्याहून सहज जमेल.

औषधविक्रेत्या बंधूंना यात थांबण्याचे कारण नाही. पुढच्या खेपेस प्रतिनिधीने तक्ता पुढे केला, की चारच गोष्टी विचाराव्यात : दुसरा गट होता काय, अभ्यास कोणत्या महिन्यांत सुरू झाला आणि संपला, किती रुग्ण मध्येच सुटले, आणि सरासरी फरक प्रत्यक्ष किती होता. मालाची मागणी उत्तरे मिळाल्यावर नोंदवावी.